शास्त्रज्ञाची लेखणी आणि तिचें स्वातंत्र्य

शास्त्रीय ज्ञान सामान्य वाचकापर्यंत येऊन पोहोंचतें तें बहुधा हस्तेंपरहस्तें. प्रयोग करणारा एक असतो. त्याचा वृत्तान्त शास्त्रीय नियतकालिकांत वाचणारा दुसरा. त्या वाचनाचा गोषवारा वर्तमानपत्रांत देणारा तिसरा. आणि तो गोषवारा आपल्या भाषेंत उतरविणारा चौथा. या प्रवासांत मूळ मालांतून कांहीं गळतें आणि कांहीं भर पडते. गळतात त्या बहुधा शंका, आणि भर पडते ती खात्रीची. ज्यानें प्रयोग केला त्याला आपलें ज्ञान कोठपर्यंत जातें व कोठें थांबतें हें पक्कें ठाऊक असतें. चौथ्या हाताला तें ठाऊक असण्याचें कांहीं कारण नसतें. म्हणून जो शास्त्रज्ञ आपली उपकरणें क्षणभर बाजूस सारून, चार लोकांना समजेल अशा भाषेंत स्वतःच लिहावयास बसतो, त्याच्या लेखनाची किंमत आम्ही निराळी धरतों. फॅरडे यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें मेणबत्तीची रसायनकथा सांगितली. हक्स्ले यांनीं १८६८ सालीं नॉरिच येथें कामकरी वर्गासमोर खडूच्या एका तुकड्यावरून पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखविला. तीं व्याख्यानें आजहि वाचवतात, याचें कारण हेंच.

परंतु शास्त्रज्ञ स्वतः लिहूं लागला म्हणजे तो स्वतंत्रपणेंहि लिहितो असें समजणें भाबडेपणाचें होईल. त्याला पगार देणारी संस्था असते, प्रयोगांना पैसा पुरविणारें सरकार असतें, त्याच्या बढतीवर मत देणारे सहकारी असतात. आणि यांपैकीं कोणाचीच भीड नसली तरी त्याचीं स्वतःचीं मतें, त्याचे मित्र आणि त्याचे वाचक हे असतातच. यांतलें कोणतें बंधन लेखणीला अधिक जड होतें, हा प्रश्न नुसत्या तात्त्विक चर्चेनें सुटण्यासारखा नाहीं. एक माणूस घ्यावा, त्याचें लेखन क्रमानें वाचावें, आणि लेखणी कोठें मोकळी चालली व कोठें अडखळली हें पाहावें, हाच त्याला मार्ग. या कामीं जे. बी. एस्. हॉल्डेन यांच्यासारखा दुसरा माणूस आम्हांस दिसत नाहीं.

हॉल्डेन यांचा जन्म १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित शास्त्रज्ञ. खाणींतल्या घातक वायूंची परीक्षा करावयाची ती स्वतः त्यांत शिरून, अशी त्यांची रीत होती. कार्बन मोनॉक्साइडची आगाऊ सूचना मिळावी म्हणून खाणींत पिंजऱ्यांतला पक्षी न्यावा ही कल्पनाहि त्यांचीच. मुलगा लहान असतांनाच त्याला ते एकदां खाणींत घेऊन गेले. छताशीं साचलेल्या वायूंत उभें राहून त्यानें शेक्सपीयरच्या नाटकांतलें मार्क अँटनीचें भाषण म्हणावें, असें त्यांनीं फर्माविलें. थोड्याच वेळांत मुलाला धाप लागली, पाय लटपटले, आणि तो खालीं कोसळला; जमिनीवर पडतांच मात्र त्याचा श्वास पुन्हां सुरळीत चालूं लागला. मिथेन हा हवेहून हलका असल्यामुळें वर साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. ही गोष्ट हॉल्डेन यांनीं पुढें स्वतःच सांगितली आहे, आणि त्यांच्या निबंधांची घडणहि बहुधा अशीच आढळते. आधीं अंगावर आलेला अनुभव, मग त्याचें कारण, आणि नियम सर्वांत शेवटीं.

पहिल्या महायुद्धांत खंदकांत लढून आल्यावर त्यांनीं केंब्रिज येथें जीवरसायनशास्त्र शिकविलें, व १९३३ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम आणि डार्विनचा निवडीचा सिद्धान्त यांची गणितानें सांगड घालण्याचें श्रेय फिशर, सूअल राइट आणि हॉल्डेन या तिघांना दिलें जातें. हें त्यांचें मुख्य काम होय. निबंध हें त्यांचें दुय्यम काम; परंतु सामान्य वाचकाचा संबंध येतो तो या दुय्यम कामाशींच.

या निबंधांतला सर्वांत प्रसिद्ध निबंध प्राण्यांच्या योग्य आकारासंबंधीं आहे. तो १९२६ सालचा. पुढील वर्षीं 'पॉसिबल वर्ल्ड्स' या संग्रहांत तो आला. विषय असा कीं, प्रत्येक प्राण्याला एक सोयीचा आकार असतो, आणि आकार बदलला म्हणजे देहाची रचनाहि बदलावीच लागते. बन्यनच्या रूपककथेंतल्या राक्षसांपासून हॉल्डेन आरंभ करतात. हे राक्षस साठ फूट उंच. म्हणजे माणसाच्या दहापट उंच, दहापट रुंद व दहापट जाड. तेव्हां वजन हजारपट झालें. परंतु हाड किती भार सोसतें हें त्याच्या छेदावर अवलंबून असतें, आणि छेद शंभरपटच वाढला. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर आपल्यापेक्षां दहापट ओझें. इतक्या ओझ्याखालीं माणसाच्या मांडीचें हाड मोडतें. सबब हे राक्षस पहिलें पाऊल टाकतांच मांड्या मोडून पडले असते. आपल्याकडील कुंभकर्णाचीहि याहून निराळी गत झाली नसती, हें वाचकाच्या मनांत आपोआप येतें. आणि वाचकाला स्वतःचें उदाहरण आपोआप सुचूं लागणें ही निबंध साधल्याची खूण होय.

पुढें उंदीर येतो. हजार यार्ड खोल खाणीच्या विवरांत उंदीर टाकला, तर तळाशीं पडल्यावर तो किंचित् गांगरतो आणि चालूं लागतो. घूस मरते, माणसाचीं हाडें मोडतात, आणि घोड्याचें तर चिंधडें होतें. कारण, वजन घनाच्या प्रमाणांत घटतें, हवेचा अडसर मात्र पृष्ठभागाच्या प्रमाणांत घटतो. ज्या लहान जीवाला गुरुत्वाकर्षणाचें भय नाहीं, त्याला पाण्याचें भय असतें. माणूस न्हाऊन बाहेर येतो तेव्हां त्याच्या अंगावर सुमारें एक पौंड पाणी असतें. भिजलेल्या उंदराला आपल्या वजनाइतकें पाणी वाहावें लागतें. आणि भिजलेली माशी तर आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझ्याखालीं सांपडते. पाणी प्यावयास वांकणारा किडा किती संकटांत असतो, हें हा भाग वाचीपर्यंत आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

या निबंधांत शास्त्रीय परिभाषा जवळजवळ नाहीं. आहे तें शाळेंतलें घन आणि वर्ग यांचें गणित. वाचकाला एकदां हें गणित हातीं आलें म्हणजे लेखकाच्या मदतीवांचून तो पुढचें पाऊल टाकूं शकतो, आणि लेखक चुकला तर त्याला पकडूंहि शकतो. साध्या शब्दांत लिहिलेलीं शास्त्रीय पुस्तकें पुष्कळ आहेत. वाचकाच्या हातीं माप देणारीं फार थोडीं. बाकीचे लेखक आपल्याला निष्कर्ष देतात, आणि निष्कर्ष हे विश्वासावर घ्यावे लागतात.

निबंधाचा शेवट मात्र प्राण्यांचा नाहीं. जसा प्राण्यांना तसा मनुष्यांच्या संस्थांनाहि योग्य आकार असतो, असें म्हणून हॉल्डेन राजकारणावर येतात. लहान राष्ट्रांत समाजसत्तावाद राबवितां येईल हें त्यांना सहज पटतें. परंतु सगळें ब्रिटिश साम्राज्य किंवा सगळी अमेरिका एका यंत्रणेखालीं चालेल हें त्यांना तितकेंच अशक्य वाटतें, जितकें हत्तीनें कोलांटी मारणें किंवा पाणघोड्यानें कुंपणावरून उडी घेणें. १९२६ सालीं लिहिलेलें हें मत वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

हॉल्डेन यांच्या या काळांतल्या लेखनांत दोष नाहींत असें नाहीं. लोकांना धक्का देण्याची त्यांना हौस होती, आणि ती कधीं कधीं विचारावर मात करी. १९२३ सालीं केंब्रिजमधील एका मंडळापुढें वाचलेल्या 'डीडालस' या निबंधांत त्यांनीं गर्भाशयाबाहेर मूल वाढविण्याचें भाकीत केलें, तसेंच कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन सांठवावा अशी योजना मांडली. दुसऱ्या कल्पनेवर आज देशोदेशींचीं सरकारें पैसा खर्च करीत आहेत, तेव्हां तिला कोणी हंसणार नाहीं. परंतु १९२५ सालच्या 'कॅलिनिकस' या पुस्तकांत त्यांनीं रासायनिक युद्धाचें समर्थन केलें तें वाचतांना आम्हांस अस्वस्थ वाटतें. तोफगोळ्यानें जितके मरतात त्या मानानें मोहरी-वायूनें बाधलेले पुष्कळच कमी मरतात, हा त्यांचा हिशोब आंकड्यांपुरता बरोबर होता. ज्या अस्त्रानें माणसें कमी मरतात तें अस्त्र शहरांतल्या बायकामुलांवर पडावयास किती वेळ लागेल, याचा हिशोब मात्र त्यांत नव्हता. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लोकमत सर्वस्वी विरुद्ध असतां, कोणाच्याहि लाभाची अपेक्षा न धरतां त्यांनीं तें लिहिलें. चुकले तेव्हांहि ते स्वतःच्याच बुद्धीनें चुकले.

१९३७ पासून त्यांच्या लेखनाचें ठिकाण बदललें. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या 'डेली वर्कर' या दैनिकांत त्यांनीं शास्त्रीय विषयांवर नियमानें लिहावयास आरंभ केला, आणि पुढील बारातेरा वर्षांत तीनशेंहून अधिक लेख लिहिले. राजाच्या शास्त्रीय संस्थेचा सभासद, विश्वविद्यालयांतला प्राध्यापक, आणि लिहितो कोठें, तर खाणकामगार व गोदीकामगार ज्या पत्राची घडी खिशांत घालून कामावर जातात त्या पत्रांत! त्यांच्या बरोबरीच्या मंडळींना हें रुचलें नसल्यास नवल नाहीं. परंतु लेख वाचतांना असें दिसतें कीं, या वाचकांमुळें त्यांच्या लेखणीचें कल्याणच झालें. केंब्रिजच्या श्रोत्यांना धक्के देण्याची हौस येथें गळून पडली. फुप्फुसांत दगडाची धूळ कां सांचते, घरांत गर्दी झाली म्हणजे हवेंत नेमकें काय बिघडतें, अन्नांत कोणतें द्रव्य कमी पडलें असतां मुलांचीं हाडें वांकतात, असल्या प्रश्नांना आतां सरळ उत्तर देणें भाग पडलें. लोकांसाठीं शास्त्रीय लेख कसा लिहावा यावरहि त्यांनीं एक लेख लिहिला आहे. लेखकानें आपली विद्वत्ता दाखवावयास बसूं नये, वाचकाला ठाऊक असलेल्या वस्तूपासून निघावें, दूर जाऊन पुन्हां तिच्याकडे परतावें, आणि लिहिलेलें एखाद्या अनभिज्ञ स्नेह्याला वाचावयास द्यावें, असा त्याचा आशय. आमच्याकडील शास्त्रीय लेखकांनीं तो भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

याच काळांत सरकारशीं त्यांचा सामना झाला. स्पेनच्या यादवींत विमानी हल्ले त्यांनीं स्वतः जाऊन पाहिले होते. त्या अनुभवावरून १९३८ सालीं 'ए. आर. पी.' हें पुस्तक लिहून त्यांनीं सरकारला बजाविलें कीं, शहरांतल्या लोकांना खोल भुयारांतले आसरे बांधून द्या. सरकारनें लोकांच्या परसांत पुरावयाला पन्हळी पत्र्याच्या खोपट्या वांटल्या. १ जून १९३९ रोजीं 'थेटिस' ही नवी पाणबुडी चांचणीच्या वेळीं लिव्हरपूलच्या उपसागरांत बुडाली व ९९ माणसें मेलीं. त्यांत गोदीचे कामगारहि पुष्कळ होते. त्यांच्या कामगार संघांच्या वतीनें चौकशींत लक्ष घालण्याचें काम हॉल्डेन यांच्याकडे आलें, तेव्हां ते आपल्या सोबत्यांसह पोलादी पेटींत कोंडून घेऊन बसले, आणि श्वासानें दूषित झालेल्या हवेंत माणसाचें काय होतें याचा अनुभव घेऊन मग साक्षीला उभे राहिले. जानेवारी १९४१ मध्यें सरकारनें 'डेली वर्कर' बंद पाडलें. तें सप्टेंबर १९४२ मध्यें पुन्हां निघालें. या बंदीच्या काळांतहि हॉल्डेन आरमारासाठीं पाण्याखालच्या श्वसनाचे प्रयोग स्वतःच्या देहावर करीत होते. एका हातानें सरकारचें काम करावें आणि दुसऱ्या हातानें सरकारवर टीका लिहावी, असें थोड्यांनाच साधतें. येथवर पाहिलें तर स्वतंत्र शास्त्रज्ञ-लेखकाचा याहून चांगला नमुना सांपडणें कठीण.

आतां दुसरी बाजू. रशियांत ट्रोफीम लायसेन्को या शेतकीतज्ज्ञाचें प्रस्थ तेथील सरकारच्या कृपेनें वाढत होतें. पिकाला परिस्थितीनें जें वळण लागतें तें त्याच्या बियांत उतरतें, आणि 'जीन' ही मेंडेलवाद्यांची कपोलकल्पना आहे, असें त्याचें म्हणणें. रशियांतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनीं जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा अमोल संग्रह केला होता. १९२८ सालीं हॉल्डेन रशियांत गेले ते त्यांचेच पाहुणे म्हणून. १९४० सालीं वाव्हिलोव्ह यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्यें साराटोव्हच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्यें मॉस्को येथें शेतकी अकादमीची सभा भरली. आपल्या निवेदनाला पक्षाच्या मध्यवर्ती मंडळाची मान्यता आहे असें लायसेन्कोनें तेथें जाहीर केलें, आणि रशियांतील आनुवंशिकीच्या अध्यापनावर व संशोधनावर गदा आली. शास्त्रांतला वाद मतदानानेंहि सुटला नव्हता; तो हुकमानें सुटला.

आनुवंशिकीचा जगांतला एक पहिल्या प्रतीचा पंडित दर आठवड्याला लाखों कामगारांच्या पत्रांत लिहीत होता. जीन ही कल्पना आहे कीं वस्तु आहे, हें इंग्लंडांत त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? १९३५ सालीं त्यांनीं रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोगावरून मनुष्याच्या एका जीनचा उत्परिवर्तनाचा वेग काढून दाखविला होता. ज्यांनीं हिशोब केला त्यांनींच तो लोकांना सांगावयाचा, हीच तर या लेखनाची सारी प्रतिज्ञा. परंतु ३० नोव्हेंबर १९४८ रोजीं बी. बी. सी.नें या वादावर चार जीवशास्त्रज्ञांचीं भाषणें ध्वनिक्षेपित केलीं, त्या वेळीं फिशर, डार्लिंग्टन आणि हार्लंड हे तिघे स्वच्छ विरुद्ध बोलले. हॉल्डेन मात्र लायसेन्कोचें कांहीं पटतें, कांहीं पटत नाहीं, असे तराजू हातीं धरून बोलले. वाव्हिलोव्ह यांचे पाहुणे होऊन आलेल्या माणसाच्या हातीं त्या दिवशीं तराजू शोभला नाहीं.

त्यांच्यावर अन्याय होऊं नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पक्षाच्या अंतर्गत बैठकींत त्यांनीं लायसेन्कोच्या मतांना विरोध केला होता, आणि १९४९ सालीं मार्क्सवादी मंडळींच्याच एका त्रैमासिकांत आनुवंशिकीचें समर्थन करणारा लेख त्यांनीं आपल्या नांवानें प्रसिद्ध केला. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. पण दार वाजवून नव्हे, हलकेच लोटून घेऊन. आणि चमत्कार असा कीं, हीं जीं त्यांच्या लोकलेखनाचीं सर्वांत संकोचाचीं वर्षें, तींच त्यांच्या शास्त्रीय प्रतिभेचीं मोठीं वर्षें होतीं. भूमध्य समुद्राच्या आसपास एक आनुवंशिक पंडुरोग इतका कां आढळतो, याचा विचार करतांना त्यांनीं सुचविलें कीं, ज्याला हा जीन एकाच पालकाकडून मिळतो त्याचा मलेरियापासून बचाव होत असावा. ही कल्पना पुढें दात्रपेशी-रोगाच्या बाबतींत सिद्ध झाली. विदर्भांत व नंदुरबारकडे हा रोग किती घरांत आहे हें तेथील डॉक्टरांना ठाऊक आहे. ज्या जीनचें अस्तित्व मॉस्कोला नाकबूल होतें, त्याच्या करणीचा इतका सूक्ष्म विचार करणारा माणूस आपल्या आवडत्या वाचकांपुढें मात्र चांचरत होता.

तो कां चांचरला? पगाराची भीति नव्हती. विश्वविद्यालयांतली जागा पक्की होती. सरकारची भीति त्यांना कधींच नव्हती. पक्षानें दम दिला असता तर, हॉल्डेन यांचा स्वभाव पाहतां, त्यांनीं उलटून दुप्पट जोरानें लिहिलें असतें. आम्हांस असें वाटतें कीं, त्यांना अडविलें तें वाचकांविषयींच्या मायेनें. ज्या कामगारानें दहा वर्षें विश्वासानें त्यांचा लेख वाचला, तो रशियाकडे आपल्या आशेचें घर म्हणून पाहत होता. त्याला जाऊन सांगावयाचें कीं, त्या घरांत तुझ्याच लेखकाच्या मित्राला तुरुंगांत मरण आलें! आणि हें सांगितलें असतां टाळ्या वाजविणार कोण, तर ज्या मालकवर्गाविरुद्ध हॉल्डेन जन्मभर लढले तो. येथें लेखणीचा गळा दुसऱ्या कोणीं दाबला नाहीं. तिचा तिनेंच दाबला. सरकारचें बंधन बाहेरून येतें व तें दिसतें. आपल्या माणसांचें बंधन लेखकाला बंधन वाटतच नाहीं, तें त्याला कर्तव्य वाटतें.

हरमन म्युलर यांचें उदाहरण शेजारीं ठेवलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. तेहि डाव्या मतांचे. १९३३ ते १९३७ या काळांत वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेंत राहून त्यांनीं काम केलें, आणि १९३६ सालीं मॉस्कोच्या भर सभेंत लायसेन्कोला विरोध केला. १९४८ सालीं सोव्हिएट अकादमीच्या सभासदत्वाचा त्यांनीं जाहीर राजीनामा दिला. म्युलर यांनीं रशिया आंतून पाहिला होता, हॉल्डेन यांनीं पाहुण्याच्या नजरेनें, हा भेद खराच. तरी जो माणूस वायूची परीक्षा दुसऱ्याच्या सांगण्यावरून करीत नसे, त्यानें एवढी एक परीक्षा दुसऱ्यांच्या अहवालांवर सोपवावी, याचें वाईट वाटतें.

आमच्याकडील एक उदाहरण येथें सहज आठवतें. दामोदर धर्मानंद कोसंबी हे जन्मानें गोव्याचे, फर्ग्युसन कॉलेजांतले गणिताचे अध्यापक. हॉल्डेन यांनीं १९१९ सालीं जीनमधील अंतर मोजण्याचें जें सूत्र दिलें होतें, त्याच्या पुढचें सूत्र कोसंबी यांनीं १९४४ सालीं दिलें. आजहि पाठ्यपुस्तकांतून हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं छापलीं जातात. कोसंबीहि मार्क्सवादी होते आणि लोकांसाठीं लिहीत. परंतु स्वतंत्र भारतांत अणुशक्तीचा जयघोष चालला असतां, या देशाला सूर्याची उष्णता अधिक स्वस्त व अधिक सोयीची पडेल, असें ते लेखांतून व व्याख्यानांतून सांगत राहिले; १९६० सालीं पुण्यांतहि त्यांनीं हेंच सांगितलें. ते ज्या संस्थेंत होते ती अणुशक्तीच्याच पुरस्कर्त्यांची. १९६२ सालीं तेथील त्यांचा करार पुढें वाढविला गेला नाहीं. कारणांबद्दल मतभेद आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. पगार देणाऱ्या संस्थेपुढें कोसंबींची लेखणी वांकली नाहीं. हॉल्डेन यांची लेखणीहि वांकली नसती. पण दोघांनाहि परीक्षा एकच पडली नव्हती, हें तुलना करतांना विसरतां कामा नये.

१९५७ सालीं हॉल्डेन भारतांत आले, पुढें येथलेच नागरिक झाले. कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेंत त्यांचें फार दिवस पटलें नाहीं. शेवटीं १९६२ सालीं ते भुवनेश्वरास स्थायिक झाले. येथील इंग्रजी वृत्तपत्रांतून ते लिहीत, आणि त्या लेखांत जुना हॉल्डेन पुन्हां भेटतो. मोठ्या यंत्रांची वाट पाहत बसूं नका, डोळे आणि मोजदाद एवढ्यावर पुष्कळ शास्त्र होतें, असें ते तरुणांना सांगत. नारळाच्या झाडाचा वळसा डावीकडे आहे कीं उजवीकडे, एवढें मोजूनहि त्यांच्या एका सहकाऱ्यानें उत्तम संशोधन केलें. येथें त्यांना खूष ठेवावा असा पक्ष नव्हता, आणि दुखवूं नये असा वाचकवर्गहि अजून जमला नव्हता. नोकरशाहीवर ते इतके मोकळेपणानें लिहीत कीं, कित्येकांना तो पाहुण्याचा उद्धटपणा वाटे. आम्हांस तो घरच्या माणसाचा वाटतो.

'डेली वर्कर'मधील लेखांचे संग्रह आज पुन्हां वाचले असतां एक गंमत दिसते. 'सायन्स अँड एव्हरीडे लाइफ' या १९३९ सालच्या संग्रहांतले अनेक लेख शेवटच्या परिच्छेदापर्यंत ताजे आहेत. शेवटीं मात्र, समाजरचना बदलल्यावांचून हें व्हावयाचें नाहीं, अशा अर्थाची एक पुरवणी येते. कीर्तन संपल्यावर बुक्का लावावा तशी. पुरवणी वगळली तरी लेखाचें कांहीं बिघडत नाहीं. १९२६ सालच्या निबंधाचा राजकीय शेवट असा वगळतां येत नाहीं. तो उंदराच्या आणि घोड्याच्या हिशोबांतूनच निघालेला आहे. आणि तो हिशोब एवढा पक्का आहे कीं, एका प्रचंड राष्ट्रांतली सगळी शेतकी एका अकादमीच्या हुकमानें चालविली असतां काय होईल, हें त्या निबंधाच्या वाचकाला १९४८ सालीं लेखकाच्या मदतीशिवाय काढतां आलें असतें. लेखक गप्प राहिला तरी त्यानें दिलेलें माप वाचकाजवळ शिल्लक होतें. हॉल्डेन यांच्या लेखनाची जी किंमत आम्ही धरतों ती एवढ्यासाठीं.

फेब्रुवारी १९६४ मध्यें, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांनीं बी. बी. सी.साठीं स्वतःचाच मृत्युलेख बोलून चित्रित करून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजीं भुवनेश्वर येथें ते वारल्यावर तो दाखविला गेला. आपलें कोणतें काम टिकेल आणि कोणतें नाहीं, हें त्यांत ते एखाद्या परक्या माणसाविषयीं बोलावें तसे बोलतात. लायसेन्कोचा विषयहि ते टाळीत नाहींत. तो चांगला जीवशास्त्रज्ञ होता, त्याचें कांहीं बरोबर होतें व कांहीं चुकलें होतें, आणि त्याच्या हातीं एवढी सत्ता जावी हें रशियांतील जीवशास्त्राला व त्याला स्वतःलाहि वाईट झालें, असा त्यांचा अभिप्राय. सोळा वर्षांपूर्वींचा तराजू अजून हातांतच होता. एक पारडें मात्र पुष्कळ खालीं आलें होतें. वाव्हिलोव्ह यांच्या स्मृतीला एवढें पुरेसें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.